जुन्या मोटारीचे मीटर : बिघाड काट्यात की तारेत?

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरचे बहुतेक काटे स्वतः काही मोजत नाहीत. मोजणी पेट्रोलच्या टाकीत, इंजिनाच्या अंगावर किंवा गिअरबॉक्सपाशी होते आणि तिथला निरोप तारेतून किंवा केबलमधून काट्यापर्यंत येतो. म्हणून काटा थांबला की थेट डॅशबोर्ड उघडणे बहुतेक वेळा चुकीचे ठरते. दोष सैल तारेत, गंजलेल्या अर्थमध्ये किंवा टाकीतल्या फ्लोटमध्ये असतो आणि तो शोधताना चांगले मीटर मात्र खराब होऊन बसते.

महाराष्ट्रात या जातीच्या गाड्यांत सर्वांत ओळखीची फियाट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून आधी फियाट ११०० आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ती बाहेर पडली. हौसेने जपलेली अशी गाडी पुण्याहून दिवे घाट चढून फलटण, माळशिरसमार्गे वेळापूरला उन्हाळ्यात न्यायची, तर पारा चाळिशीपार गेलेला असतो. अशा वाटेवर तापमानाचा काटा खरे सांगतो आहे की नाही, हे निघण्याआधीच तपासलेले बरे.

पहिला प्रश्न असा की एकच मीटर बंद आहे की सगळी? सगळी एकदम बंद पडली असतील तर फ्यूज, चावीच्या स्विचकडून येणारी तार आणि अर्थ पाहावे. फ्यूज जळलेला नसला तरी त्याच्या क्लिपवर हिरवट थर चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासून तो काढावा. अर्थ तपासायला मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे मीटरच्या पत्र्याला लावून चावी फिरवावी. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तरी जोड खराब आहे असे समजावे.

काही गाड्यांत पेट्रोल आणि तापमानाच्या मीटरना मिळून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो बारा व्होल्टचा पुरवठा सरासरी दहा व्होल्टवर आणतो. त्याचा अर्थ तुटला की पूर्ण दाब मीटरकडे जातो आणि दोन्ही काटे एकाच वेळी चढते आकडे दाखवू लागतात. दोन्ही मीटर एकदम खोटे बोलू लागली तर आधी याच्याकडेच पाहावे.

पेट्रोलच्या मीटरची कसोटी सोपी आहे. टाकीवरच्या, काट्याला निरोप पाठवणाऱ्या सेंडरची तार काढून चावी चालू केली की काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग चावी बंद करून ती तार गाडीच्या स्वच्छ पत्र्याला जोडावी आणि क्षणभर चावी चालू करावी. आता काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कोणते टोक केव्हा, हे मीटरच्या बनावटीवर ठरते. काही मीटर अर्थ दिल्यावर भरलेली टाकी दाखवतात, काही रिकामी. काटा दोन्हीकडे फिरला तर मीटर आणि तार दोन्ही चांगली आहेत, बिघाड टाकीत आहे. जोडणी चावी बंद असतानाच करायची, कारण टाकीपाशी पेट्रोलची वाफ असते आणि एक ठिणगी पुरते.

सेंडर बाहेर काढल्यावर फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल वाजले तर तो फुटला आहे. असा फ्लोट बुडतो आणि टाकी भरली तरी काटा रिकामीच दाखवतो. फ्लोटचा दांडा हळूहळू वर-खाली करताना मल्टिमीटरवर रोध सलग बदलला पाहिजे. आकडा मध्येच उडाला तर आतली तार झिजली आहे. अनेकदा सेंडर निर्दोष असतो, पण रबराच्या पट्टीवर बसवलेल्या किंवा नव्याने रंगवलेल्या टाकीला अर्थच मिळत नाही. अशा वेळी टाकीपासून चॅसीपर्यंत एक वेगळी तार टाकली की काम भागते. माळशिरस तालुका उसाचा आणि आता उसापासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. ते ओलावा शोषून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत सेंडरला गंज लवकर धरतो.

तापमानाचा विजेवर चालणारा सेंडर गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. तो गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटर लावला की हे दिसते. बसवताना आट्यांवर टेप जास्त गुंडाळली तर अर्थ तुटतो आणि नवा सेंडरही मुका राहतो. काही गाड्यांत तारेऐवजी द्रव भरलेली बारीक तांब्याची नळी मीटरपर्यंत जाते. ती मोडली की मीटर संपले. तिला कापायचे किंवा दुमडायचे नाही.

ऑइलच्या दाबाचा दिवा लागला तर आधी गाडी थांबवावी आणि मग स्विचची शंका घ्यावी. खरा दाब किती आहे ते बाहेरून जोडायच्या यांत्रिक गेजवरच कळते. चार्जिंगसाठी काट्यापेक्षा मल्टिमीटर विश्वासाचा. गाडी बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. अल्टरनेटर असलेल्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा छोटा बल्ब गेला की चार्जिंग सुरूच होत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

स्पीडोमीटरची रीत निराळी आहे. गिअरबॉक्समधून फिरणारी केबल मीटरमधले चुंबक फिरवते. त्या फिरत्या चुंबकाने ॲल्युमिनिअमची वाटी ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. किलोमीटरचा आकडा मात्र दात्यांवर चालतो. आकडा पुढे सरकतो आणि काटा हलत नाही, तर दोष मीटरमध्ये. दोन्ही थांबली तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडचा दाता झिजला आहे. काटा थरथरतो तेव्हा केबल कोरडी पडलेली किंवा कुठेतरी मुडपलेली असते. ती काढून, पुसून पातळ ग्रीस लावावे, पण मीटरकडची काही बोटे कोरडी ठेवावीत. नाहीतर ग्रीस वर चढून वाटीला चिकटते. वेगाची खात्री किलोमीटरच्या दगडांवर होते. काटा ६० वर स्थिर ठेवला तर एक किलोमीटरला बरोबर साठ सेकंद लागायला हवीत. वेळ कमी-जास्त झाली तर मीटर उघडण्याआधी टायरचा आकार मूळचाच आहे का, ते पाहावे.