जावातला ‘अनसेफ’ निघतोय, आपल्या प्रोजेक्टचं काय?

कसबा पेठेतून रेकॉर्ड करतोय, मागे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा विषय ‘सन डॉट मिस्क डॉट अनसेफ’. हे नाव तुम्ही आयुष्यात टाइप केलं नसेल. तरी जेडीके २४ वर सर्व्हर चालू केला की लॉगमध्ये त्याची वॉर्निंग दिसू शकते.

हा क्लास २००२ मध्ये आला, जेडीकेच्या स्वतःच्या कामासाठी. जावा एरवी मेमरीला थेट हात लावू देत नाही. ॲरेत दहा जागा आहेत आणि तुम्ही अकरावी मागितली, तर एक्सेप्शन येतं. अनसेफ असलं काही तपासत नाही. पत्ता चुकला तर अख्खं जेव्हीएम कोसळतं. कधी कोसळतही नाही, डेटा गुपचूप बिघडतो, आणि ते जास्त वाईट.

मग बाहेरच्यांनी तो वापरला का? वेगासाठी. दार बंद होतं, पण रिफ्लेक्शनने उघडायचं. नेटी, कॅसँड्रा, स्पार्क अशा मोठ्या प्रोजेक्ट्सनी तो वापरला, कारण हीपबाहेरची मेमरी नीट हाताळायला दुसरा धड मार्ग नव्हता. म्हणजे तुम्ही नाही, तर तुमच्या लायब्ररीने तो वापरलाय.

म्हणूनच तो एका दिवसात काढता येत नाही. आमच्या पेठेत जुना वाडा दुरुस्त करताना आधी बघतात, कुठल्या तुळईवर किती भार आहे. आधी टेकू, मग तुळई. इथेही तसंच. पहिला टेकू २०१७ चा, जेडीके ९ मधला व्हारहँडल. दुसरा मार्च २०२४ चा, जेडीके २२ मधला फॉरेन फंक्शन अँड मेमरी एपीआय. दोन्ही हद्द तपासतात.

टेकू लागल्यावर काढणं सुरू झालं. अनसेफच्या ८७ पैकी ७९ मेथड्स मेमरीशी संबंधित आहेत, त्या जाणार. जेडीके २३ मध्ये कंपाइल करताना वॉर्निंग, २४ मध्ये चालू प्रोग्रॅममध्ये वॉर्निंग. पुढे थेट एक्सेप्शन, आणि शेवटी मेथड्सच गायब.

“राहू दे की तसंच, कुणाला त्रास आहे?” त्रास आहे. कोण कुठून मेमरीत लिहील याची खात्री नसेल, तर जेव्हीएमला कोड बिनधास्त ऑप्टिमाइझ करता येत नाही. मोजक्यांच्या शॉर्टकटची किंमत सगळे मोजतात.

आता आपलं काम. आपल्यापैकी बरेच जण पहिल्याच नोकरीत जावा ८ च्या जुन्या प्रोजेक्टवर पडतात. तिथे तीन गोष्टी करा:

१. जेडीकेसोबत येणारं ‘जेडेप्स’ टूल आपल्या सगळ्या जार फाइल्सवर चालवा. आतले एपीआय कोण वापरतंय ते कळेल.

२. वॉर्निंग नीट वाचा. ती पहिल्या वापरालाच एकदा येते आणि कुठल्या क्लासने हाक मारली ते सांगते. त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या.

३. टेस्टिंगला अनसेफचा मेमरी ॲक्सेस ‘डिनाय’ वर ठेवून चालवा. जे उद्या फुटणार, ते आजच फुटेल.

‘अलाउ’ लावून वॉर्निंग गप्प करता येते, पण तो पर्यायही कायमचा नाही. मॅनेजर म्हणाले “चालतंय ना?”, तर जेडेप्सची यादी समोर ठेवा. त्यावर बोलणं सोपं जातं.

तुमच्या यादीत कुठली लायब्ररी निघाली, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!