गोफण बाद, गोटा चालू
हत्यारांना लगाम : लेखांक अकरावा

जिनिव्हात भारत काय भूमिका मांडतो ते या आठवड्यात सांगेन, असा वायदा मागच्या रविवारी केला होता. तो पुढे ढकलतो आहे, कारण सौंसरच्या एका वाचकांचं पत्र आलं. ते विचारतात, ‘लढाई व्हायची ती होणारच असेल, तर एका जातीच्या बॉम्बवर बंदी घालून काय मिळवलं?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी क्लस्टर बॉम्बच्या करारापर्यंत, म्हणजे डब्लिनपर्यंत, जाण्याआधी जाम नदीच्या काठावर थांबू.

गोटमार आपल्या वाचकांना सांगायला नको. पोळ्याचा दुसरा दिवस, नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव, आणि झेंड्यासाठी दोन्हीकडून दगडांचा मारा. १९५५पासून मृत्यूंची नोंद सापडते, ती डझनाच्या पुढे गेली आहे. १९७८ आणि १९८७मध्ये पोलिसांना गोळीबार करावा लागला. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू आणून ठेवले, पण लोक पुन्हा गोट्यांवरच आले. मेळा बंद करण्याची भाषा निघाली की दोन्ही काठ एका सुरात बोलू लागतात. गोफणीचं मात्र तसं नाही. मेळ्याआधीच्या बैठकांत गोफणीवर बंदी जाहीर होते आणि तिची उघड वकिली करणारा मला तरी आजवर भेटलेला नाही. हाताने फेकलेला गोटा दंडात असेल तितकाच जातो, समोरच्याला येताना दिसतो, चुकवता येतो. गोफणीतला दगड नदी ओलांडून बघ्यांच्या गर्दीत कुठे उतरेल, हे सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

क्लस्टर बॉम्ब म्हणजे हवेत उघडून अनेक छोटे बॉम्ब विखुरणारा बॉम्ब. त्याच्या बंदीचा करार याच तर्कावर उभा आहे. तो युद्धाला हात लावत नाही, निशाणा धरता न येणारं एक हत्यार तेवढं बाद करतो. शिवाय या हत्याराचा दुसरा दोष गोफणीत नाही. गोफणीचा दगड पडला की संपला. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब टाकले गेले आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. ते आजही नांगराला लागतात, पोरांच्या हाती येतात.

आता माझा आवडता मुद्दा. करार डब्लिनमध्ये ३० मे २००८ रोजी १०७ देशांनी स्वीकारला, असं पुस्तकांत असतं. पण तो जिंकला गेला त्याआधी दोन महिने, झांबियातल्या लिव्हिंगस्टनमध्ये. ३१ मार्च आणि १ एप्रिलला तिथे जवळपास चाळीस आफ्रिकी देश बसले आणि त्यांनी सरसकट बंदीची मागणी करणारा जाहीरनामा काढला. यातल्या बहुतेकांकडे ना बॉम्बचे कारखाने होते ना वजनदार दूतावास. एकेकटा राजदूत डब्लिनला गेला असता, तर बड्या देशांनी त्याला बाजूला घेऊन सवलती पदरात पाडून घेतल्या असत्या. कुणाला जुने साठे संपेपर्यंत मुदत हवी होती, कुणाला न फुटणाऱ्या बॉम्बांचं प्रमाण कमी असलं की सूट हवी होती. आफ्रिका एकगठ्ठा उभी राहिली, लॅटिन अमेरिकेतले अनेक देशही ठाम राहिले, आणि या दोन्ही पळवाटा बुजल्या. सूट राहिली ती अगदी चिंचोळी: दहापेक्षा कमी, प्रत्येकी चार किलोहून जड, स्वतः लक्ष्य शोधणारे आणि न फुटल्यास आपोआप निकामी होणारे बॉम्ब असतील तरच.

शेजाऱ्यांनी आधी आपसांत ठरवायचं आणि मग मोठ्या दरबारात जायचं, ही ती युक्ती. ती सगळीकडे चालली असं नाही. लाओसने २०१०मध्ये करारातल्या देशांची पहिली बैठक व्हिएन्टियानला भरवली, तरी आसियानमधून लाओसनंतर पूर्ण सदस्य झाला तो फक्त फिलिपिन्स, तोही २०१९मध्ये. इंडोनेशिया सही करून थांबला.

आणि आपल्याकडे? दक्षिण आशियातून जो आला तो एकेकटा आला. अफगाणिस्तानची गोष्ट सांगायलाच हवी. ३ डिसेंबर २००८ला ऑस्लोत सह्या चालू होत्या आणि अफगाणिस्तान सही करणार नाही असंच चित्र होतं. लहानपणी क्लस्टर बॉम्बच्या स्फोटात दोन्ही पाय गमावलेला हेरातचा सोराज गुलाम हबीब हा मुलगा तिथे हजर होता. तो आपल्या राजदूतांना, जावेद लुदिन यांना, भेटला. लुदिन यांनी अध्यक्ष करझाईंची परवानगी मिळवली आणि त्याच दिवशी सही केली. श्रीलंका २०१८मध्ये आली, पुढच्या वर्षी जिनिव्हातल्या बैठकीचं अध्यक्षपदही तिने सांभाळलं. मालदीव २०१९मध्ये आलं. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान बाहेरच आहेत.

‘बंदी घालून गोफण थांबली का?’ हेही सौंसरकर विचारतीलच. नाही थांबली. पण ती आता लपवून आणावी लागते. २०२३मध्ये अमेरिकेने युक्रेनला क्लस्टर बॉम्ब दिले तेव्हा ब्रिटन, कॅनडा, स्पेन या तिच्याच दोस्तांनी आपली नापसंती जाहीर केली. बंदीचा पहिला परिणाम हाच असतो. तिला खरा धोका असतो तो समोरच्या काठाचा. रशियाच्या सीमेवरचं लिथुआनिया मार्च २०२५मध्ये करारातून बाहेर पडलं. समोरच्याच्या हाती गोफण असताना मीच का टाकू, हा त्यांचा हिशेब. दिल्ली आणि इस्लामाबाद याहून वेगळं बोलणार नाहीत.

म्हणून हा प्रश्न दोन्ही काठ एकत्र बसल्याशिवाय सुटायचा नाही. गोटमारीसाठी निदान बैठक तरी होते. दक्षिण आशियाची बैठक म्हणजे सार्क, आणि तिच्या सनदेच्या दहाव्या कलमानुसार द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय तिथे काढायचेच नाहीत. तिचीही शेवटची शिखर परिषद काठमांडूला झाली, नोव्हेंबर २०१४मध्ये. त्यानंतर एकही नाही.