साइडकारच्या चाकाची जुळवाजुळव

मोटारसायकलला जोडलेली साइडकार आता रस्त्यावर क्वचितच दिसते. तरीही जुन्या गाड्या जिव्हाळ्याने जतन करणारी मंडळी देशभर आहेत, आणि त्यांची पहिली अडचण बहुधा तिसऱ्या चाकाची असते. १९५५ साली मद्रासमध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाच्या बुलेटचे सुटे भाग दिल्लीच्या करोलबागेत किंवा पुण्याच्या नाना पेठेत मिळू शकतात. साइडकारचे तारांचे चाक मात्र सहसा तयार मिळत नाही. ते जुळवावे लागते. स्कूटरचे पत्र्याचे चाक लावूनही काम भागते आणि त्यात गैर काही नाही. पण जुन्या गाडीचे रूप त्याने बिघडते, हेही खरे.

बैलगाडीच्या चाकात भार तुंब्यातून खालच्या आऱ्यांवर दाबून पडतो. बारीक तार असा दाब सोसणार नाही, ती वाकेल. म्हणून तारांच्या चाकात सर्व तारा आधीच ताणून बसवितात. ही कल्पना इंग्लंडात जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा हबला स्पर्शरेषेत, एकमेकींना छेदून जातील अशा बसविल्या.

एकट्या मोटारसायकलचे चाक वळणावर कलते, त्यामुळे भार चाकाच्या पातळीतच राहतो. साइडकारची गाडी कलत नाही. भारतात साइडकार डावीकडे असते. गाडी उजवीकडे वळली की भार साइडकारच्या चाकावर येतो आणि जमीन त्याला आडवी रेटते. हा आडवा रेटा तारांनीच सोसायचा. शिवाय मोटारसायकलचा आस दोन्ही टोकांना धरलेला असतो, तर साइडकारचा आस एकाच बाजूने. त्यामुळे मोटारसायकलचा हब उचलून तिथे बसविला की काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. आस जाड हवा, बेअरिंगे आडवा दाब सोसणारी हवीत, आणि हे काम जाणत्या कातारीकडूनच करून घ्यावे.

त्यानंतर रिम. हबला ४० भोके असतील तर रिमलाही ४०च हवीत, हे उघड आहे. ३६ भोकांची रिम कितीही स्वस्त मिळाली तरी व्यर्थ. त्याहून फसवी गोष्ट भोकांच्या रोखाची. रिमची भोके विशिष्ट हबच्या मापाने तिरपी पाडलेली असतात. मोठ्या ब्रेकड्रमच्या हबसाठी केलेली रिम लहान हबला लावली, तर निपलचा रोख आणि तारेची दिशा जुळत नाही. तार आट्यांपाशी वाकते आणि पुढे नेमकी तिथेच तुटते. साइडकारमध्ये बहुधा कोणाची तरी वृद्ध आई किंवा लहान मूल बसलेले असते, हे खरेदीच्या वेळी आठवावे.

तारेची जाडी गेजात मोजतात. १० गेजची तार सुमारे सव्वातीन मिलिमीटर, ८ गेजची सुमारे चार. आकडा लहान तितकी तार जाड. साइडकारला जाड तार बरी, मात्र निपल आणि भोके तिच्याच मापाची हवीत. लांबी ठरते ती रिमचा व्यास, हबच्या कडेचा व्यास, दोन कडांमधील अंतर आणि एक तार किती तारांना छेदते, यांवरून. जुने चाक हाती असेल तर सगळ्या तारा कापून टाकण्याची घाई पुष्कळजण करतात. प्रत्येक बाजूची एकेक तार अखंड सोडवून मोजली, तर निम्मे गणित वाचते. हबच्या दोन्ही बाजू सारख्या नसतील, तर तारांच्या लांबीही दोन असतात.

तारा एकदम आवळू नयेत; सर्व निपले थोडीथोडी फिरवीत चाक सरळ आणावे. तंबोरा लावणारा कान इथे उपयोगी पडतो: तार छेडली असता एका बाजूच्या तारांचा स्वर साधारण एकच यावा. निपलबाहेर आलेली टोके कानशीने घासून वर पट्टी बसवावी, नाहीतर ट्यूब भोसकली जाते. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर तारा किंचित सैल पडतात. तेव्हा त्या पुन्हा तपासून आवळाव्यात, आणि मगच बाजूला माणूस बसवावा.