मार्बलचे पापुद्रे निघताहेत?

आयुष्याची पुंजी घालून आपण घर बांधतो आणि हौसेनं हॉलमध्ये मार्बल बसवतो. मिस्त्री चकाकीसाठी वरून सीलरचा हात देऊन जातो. पुढे मात्र दारापाशी, जिथे वावर जास्त, तिथे तो थर पिवळट पडतो, त्याचे पापुद्रे सुटतात. मग कुणीतरी सांगतं, 'अ‍ॅसिड टाका, लख्ख होईल!' मैत्रिणींनो, तेवढं मात्र करू नका.

संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच भाऊबंद. संडासाचं अ‍ॅसिड सोडाच, लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणीसुद्धा त्याला खातं. सीलर राहतो बाजूला, दगडच खरबरीत होतो. कामाला येणाऱ्या बाईंचे हात पोळतात ते वेगळंच. आणि अ‍ॅसिडमध्ये ब्लीच मिसळलं गेलं, तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

आधी नीट पाहा. नखानं पापुद्रा सुटत असेल तर वरचा थर खराब झालाय, तो काढता येतो. पापुद्रा नाही, पण लिंबू सांडल्यासारखा फिका डाग आहे, तर दगडच खाल्ला गेलाय. तिथे पॉलिशवालाच हवा.

थर काढण्यासाठी मार्बलला चालणारा, अ‍ॅसिड नसलेला सीलर रिमूव्हर मागा. आधी कपाटामागच्या कोपऱ्यात लावून बघा. खिडक्या उघडा, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद ठेवा, रबरी हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा. डब्यावर लिहिलाय तेवढाच वेळ ठेवून नायलॉनच्या ब्रशनं घासा. तारेची घासणी नको, चरे पडतात. मग स्वच्छ पाण्यानं दोन-तीनदा पुसून घ्या.

नव्या सीलरची घाई करू नका. फरशी पूर्ण वाळू द्या, नाहीतर आत ओल अडकून पांढुरके ढग दिसतात. जुन्या पापुद्र्यांवर नवा थर तर कधीच नको, तोही त्यांच्याबरोबर सुटतो. वाळल्यावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. तिथे दगड गडद झाला तर तो पाणी पितोय, म्हणजे सीलर हवा.

सीलरही दोन तऱ्हेचे असतात. वर बसणारा चकाकतो, पण झिजतो आणि सोलतो. दगडात मुरणारा चकाकी देत नाही, पण त्याचे पापुद्रे निघत नाहीत. पैसे ठरवण्याआधी मिस्त्रीला एवढंच विचारा, 'वर बसणारा की आत मुरणारा?'