काठीला हात लावण्यापूर्वी

आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आमच्या वेळापूरला मुक्कामी येते, तेव्हा दवाखान्यात पाय आणि कंबर दुखणाऱ्यांची रीघ लागते. त्यांत सत्तरी ओलांडलेले वारकरी पुष्कळ असतात. कोणाच्या कमरेला पट्टा, कोणाच्या हाती काठी. त्या काठीविषयीचा संकोच मात्र त्यांच्या चेहऱ्यावर मला सहसा दिसत नाही. याउलट गावातील माझे नेहमीचे रुग्ण काठीचे नुसते नाव काढले तरी दुखावतात. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका निवृत्त शिक्षकांना मी सुचवले, "गुरुजी, काठी घ्या आणि रोज सकाळी अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरापर्यंत जाऊन येत जा." ते म्हणाले, "डॉक्टर, काठी घेऊन निघालो की गाव म्हणेल, गुरुजी संपले."

शस्त्रक्रियेने त्यांच्या पायात उतरणारी कळ थांबली होती. कंबरेचे दुखणे मात्र उरले होते. ते पूर्ण थांबेल तेव्हाच बाहेर पडायचे, असे ठरवून ते कित्येक महिने ओसरीवर बसून होते. मांड्यांचे स्नायू वाळले, झोप उडाली, बोलणे तुटक झाले. दुखण्याने केली नसेल एवढी हानी या वाट पाहण्याने केली होती.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. ताजी वेदना हा शरीराचा इशारा असतो: येथे इजा झाली आहे, जपा. दीर्घकाळ टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्था अतिसंवेदनशील होऊ शकते आणि जखम भरल्यावरही इशारा वाजत राहतो. दुखणे खरेच असते, त्यात ढोंग नसते. पण प्रत्येक कळ म्हणजे मणक्याला नवी इजा असेही नसते. एवढे ज्याला पटले, त्याची चालण्याची भीती निम्मी कमी होते.

एमआरआयच्या अहवालाविषयीही थोडे सांगावयास हवे, कारण तो वाचून हबकलेली माणसे मला वरचेवर भेटतात. पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. मणक्यांमधील चकतीची झीज वयाच्या विशीत 37 टक्के, तर ऐंशीच्या घरात 96 टक्के लोकांत आढळते, असे त्यातून दिसले. म्हणजे केस पांढरे होतात तशा चकत्याही झिजतात. चित्रातील झीज आणि रुग्णाची तक्रार यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासून ठरवावे लागते.

मेळ बसण्याचे एक ठळक उदाहरण आमच्या ऊसपट्ट्यात नित्य आढळते. "डॉक्टर, सायकलवर शेतात जातो, पण बाजारात चालत येववत नाही," असे एखादे आबा सांगतात. थोडे अंतर चालले की पाय भरून येतात, मुंग्या येतात. ओट्यावर टेकले की काही मिनिटांत पुन्हा ठीक. कमरेच्या मणक्यांतून जाणारा नसांचा मार्ग अरुंद झाला की असे होते. पुढे वाकले की तो मार्ग किंचित मोकळा होतो, म्हणून सायकल चालते आणि ताठ चालणे जड जाते. वॉकरवर किंचित झुकून हेच आबा पूर्वीपेक्षा दूरवर जाऊ शकतात. (पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, विशेषतः तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत. म्हणून पायाची नाडी तपासून घ्यावी.)

शस्त्रक्रिया कोणाची करावी? नसेवरील दाब काढून टाकण्याचे काम ती चांगले करते. त्यामुळे पायात उतरणारी कळ आणि चालण्याची मर्यादा यांत बहुधा लक्षणीय फरक पडतो. केवळ कंबरदुखीसाठी तिचा भरवसा तेवढा देता येत नाही. चकती सरकून पायात आलेली कळ पुष्कळदा सहा ते बारा आठवड्यांत औषध आणि हालचाल यांनी ओसरते, म्हणून एरवी थोडे थांबणे शहाणपणाचे. मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, बैठकीचा भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. सकाळची वाट पाहू नये. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कर्करोग झाला असेल किंवा किरकोळ पडण्यानंतर पाठीत तीव्र कळ आली असेल, तरीही तपासणी लांबवू नये.

ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी 'ऑपरेशन यशस्वी होईल ना?' एवढेच विचारून घरी येऊ नका. माझे कोणते दुखणे जाईल आणि कोणते राहील? घरी आल्यावर किती आठवडे वाकायचे, उचलायचे, मांडी घालायची नाही? हे विचारा, आणि उत्तर ऐकताना मुलगा किंवा सून सोबत असू द्या.

कायम राहणाऱ्या दुखण्यासह जगणे कसे असते, याचे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण बाबा आमटे यांचे. 1949 मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबांना मणक्याच्या विकाराने ग्रासले आणि पुढे बसणेच अशक्य झाले. उभे राहणे किंवा आडवे पडणे, एवढेच दोन पर्याय उरले. त्याच अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, 1985 मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. तरुण मंडळी सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. पुढे 1990 पासून नर्मदाकाठी कसरावद येथे ते वर्षानुवर्षे राहिले. त्यांचे दुखणे गेले नव्हते. जे दोन पर्याय उरले होते, त्यांभोवती त्यांनी दिवस रचला.

हे उदाहरण घरातील वृद्धांना टोचण्यासाठी वापरू नये, असे मला वाटते. 'बाबा आमटे बघा, आणि तुम्ही?' हा प्रश्न निर्दय आहे. बाबांच्या पाठीशी साधनाताई होत्या, सहकारी होते, त्यांच्या सोयीने आखलेला दिनक्रम होता. आपल्या आजीला यांपैकी काय देता येईल, हा प्रश्न घराने स्वतःला विचारावा.

त्यात काठी येतेच, आणि ती मापाची हवी. वापरातील चपला घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावेत. मनगटाच्या घडीशी काठीची मूठ यावी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकते. एक पाय अधिक दुखत असेल तर काठी त्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण नेमके उलटे करतात. पायऱ्या चढताना बरा पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. टोकाचे रबर झिजले की त्याच दिवशी बदलावे, ओल्या फरशीवर झिजलेले रबर घात करते. तोल फारच जात असेल तर चार पायांची काठी किंवा वॉकर बरा. आजोबांची शिसवी काठी वारशाने वापरणे भावनेला ठीक, मापाला नाही.

घरातही थोडे बदल हवेत. मोरीत धरावयास दांडी, रात्री मंद दिवा, हातांची खुर्ची, उकिडवे बसण्याच्या शौचालयावर कमोडची खुर्ची. उंबऱ्याला पिवळा रंग द्यावा, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही तो दिसतो. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (2024) वयाची 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या नागरिकांना अशा साधनांसाठी एकदाच 3000 रुपये देण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

औषधांबाबत एकच आग्रह. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नयेत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी वृद्धांची मूत्रपिंडे बिघडतात, जठरात रक्तस्राव होतो, रक्तदाब वाढतो. 'जादू'ची म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत अनेकदा स्टेरॉईड असते. नसांच्या वेदनेवरील गोळ्या उपयुक्त असल्या तरी त्यांनी गुंगी येते; त्या सुरू केल्यावर पहिले काही दिवस रात्री उठताना कोणीतरी जवळ असावे.

सुनांना आणि मुलांना मी सांगतो, सगळे हातात आणून देऊ नका. भाजी निवडणे, देवपूजा, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, यांतील जे जमते ते त्यांचेच राहू द्या. बऱ्या दिवशी दुप्पट चालून पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढण्यापेक्षा रोज ठरावीक दहा मिनिटे चालणे हितकारक. आठवड्याने त्यात दोन मिनिटे वाढवावीत. 'आज किती दुखतंय?' असे दिवसातून चारदा विचारण्याऐवजी 'आज कुठपर्यंत जाऊन आलात?' असे विचारावे.

गुरुजींनी अखेर काठी घेतली, ती नातीने हट्टाने निवडलेली. पहिले आठ दिवस ते पहाटे अंधारातच जाऊन येत. आता उन्हे आल्यावर निघतात, वाटेत चहाच्या टपरीवर थांबतात. कंबर अजून दुखते.