दुरुस्ती घरी, खेळ मैदानावर

७ ऑगस्ट २०२१. शनिवारची सकाळ. गॅसवर दूध ठेवून मी चक्क गोल्फ बघत बसले होते! टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ होती आणि तिच्या काठ्यांची पिशवी सांभाळायला खुद्द तिची आई! एका फटक्यानं पदक हुकलं, चौथा नंबर आला. दूध उतू गेलं तेही मला कळलं नाही.

तेव्हा या खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण एक लक्षात राहिलं. काही महिन्यांपूर्वीच कोविड होऊन गेल्यानं अदितीचा लांबचा फटका कमी पडत होता. ती खेळली ती पटिंगच्या, म्हणजे हिरवळीवरून चेंडू हळूच खळग्यात घालण्याच्या भरवशावर. जे हातात होतं, त्यावर.

मग मी थोडं वाचलं. चेंडू सारखा उजवीकडे वळत असेल, तर दोष पकडीत असतो, उभं राहण्यात असतो, नाहीतर काठी फिरवण्यात. तो शोधायचा सरावात. तिथं पन्नास चेंडू वाकडे गेले तरी कुणी मोजत नाही. सामन्यात प्रत्येक फटका मोजला जातो. तिथं मनगट, खांदा, कंबर यांचा विचार सुरू झाला की हात आखडतात. मग? आज चेंडू उजवीकडे जातोय ना, नेम जरा डावीकडे धरायचा आणि डाव निभवायचा. दुरुस्ती उद्या.

टायगर वुड्सनं १९९७ मध्ये मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली, तरी त्याला आपल्या फटक्यात खोट दिसली. तो नव्यानं बसवताना १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मुख्य मालिकेत त्याला एकच स्पर्धा जिंकता आली. पण २००० ची यूएस ओपन त्यानं १५ फटक्यांनी जिंकली!

हे वाचताना माझीच चूक आठवली. महिला मंडळात मी निराधार योजनेची माहिती देत होते. 'काकू, तुम्ही वाक्यागणिक 'म्हणजे' म्हणता,' असं एका मुलीनं आदल्या दिवशी सांगितलं होतं. बोलता बोलता तो 'म्हणजे' गाळायला गेले आणि कागदपत्रांची यादीच चुकली. एक ताई मजुरी बुडवून तहसीलला गेल्या आणि उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून परत आल्या. एसटीचं भाडंही वाया. नंतर मी बरोबर जाऊन त्यांचा अर्ज भरला, पण बुडालेला दिवस काही परत आला नाही.

आता 'म्हणजे' मी घरी मोजते, आरशासमोर. सभेत समोरच्या बाईकडे बघते आणि यादी पूर्ण सांगते. मैत्रिणींनो, तुमचीही अशी एखादी सवय असेलच. तिला घरीच गाठा. चारचौघींत बोलताना 'म्हणजे' आला, तर येऊ दे!