आता पट्टी बोलणार! हिशेबाच्या प्रोग्रॅमला मराठी आवाज कसा द्यायचा?

मंचर : बाजार समितीत कांद्याचा दर दहा किलोवर निघतो. लिलाव झाला, काटा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. अक्षर बारीक, चष्मा घरी आणि मागे गाड्यांची रांग. आकडा चुकला असेल, तर गावी पोहोचल्यावर कळणार. हीच पट्टी संगणकाने जागेवर वाचून दाखवली तर? दुकानातला यूपीआयचा साउंडबॉक्स रक्कम बोलतोच. हिशेबाच्या साध्या प्रोग्रॅमलाही तसा आवाज देता येतो, तोही फुकट.

हे तंत्र काय आहे?
याला ‘टेक्स्ट टू स्पीच’ म्हणतात. आधी आकडे आणि संक्षेप शब्दांत उलगडले जातात, मग शब्दांचे उच्चार ठरतात, शेवटी त्यांचा ध्वनी तयार होतो. प्रोग्रॅममध्ये मात्र दोन-चार ओळींचीच भर पडते : लायब्ररी जोडा, वाक्य द्या, ‘बोल’ म्हणा.

कोणते साधन निवडाल?
• पायटीटीएसएक्स३ : पायथनची लायब्ररी. इंटरनेट लागत नाही. मात्र ती संगणकातलेच आवाज वापरते. मराठी वाचणारा आवाज नसेल, तर देवनागरी नीट वाचली जात नाही.
• ईस्पीक एनजी : मोफत, आकाराने लहान, मराठी येते. आवाज यांत्रिक वाटतो. अंध व्यक्ती वापरतात त्या ‘एनव्हीडीए’ स्क्रीन रीडरमध्येही हेच आहे.
• जीटीटीएस : गुगल ट्रान्सलेटचा आवाज एमपी३ फाइलमध्ये मिळतो. इंटरनेट हवेच.
• मोबाइल अ‍ॅप : अँड्रॉइडमध्ये ही सोय २००९ पासून आहे.

खरी मेख कुठे?
आकड्यांत. समजा, ५४० किलो कांदा, दर दहा किलोला २५० रुपये. रक्कम १३,५०० रुपये. स्वल्पविराम तसाच ठेवला, तर काही आवाज ‘तेरा... पाचशे’ असे तोडून वाचतात. म्हणून तो आधी काढावा. ‘कि.ग्रॅ.’ऐवजी ‘किलो’ लिहावे. मराठीत ‘एकोणपन्नास’, ‘सत्तेचाळीस’ असे प्रत्येक आकड्याचे रूप वेगळे. त्यामुळे शून्य ते नव्याण्णवची शब्दयादी प्रोग्रॅममध्येच ठेवलेली बरी. बाजारात १३,५०० म्हणजे ‘साडेतेरा हजार’, १,५०० म्हणजे ‘दीड हजार’. हा नियमही आपणच लिहायचा. ‘चार’ आणि ‘पाच’ यांतला ‘च’ वेगळा, तोही कानाने तपासावा.

काय लक्षात ठेवाल?
नुसती रक्कम बोलून उपयोग नाही. गोणी, वजन, दर, हमाली-तोलाईची कपात आणि शेवटी हाती येणारी रक्कम, हा क्रम ठेवावा. चूक नेमकी कुठे, ते त्यातूनच कळते. ‘पुन्हा ऐका’ हे बटण हवेच. रक्कम चारचौघांत जाऊ नये म्हणून आवाज कमी करण्याची सोयही हवी. आणि छापील पट्टी घ्यायचीच. वाद झाला तर पुरावा तोच.